"त्यांना म्हणावं, ताट वाढलंय"

काल नात्यातल्या एका जोडप्याच्या लग्नाचा ५० वा वाढदिवस होता. हॉल, फुलांची कमान, दोघांना पुन्हा हार घालायला लावणं, सगळं यथासांग. मग एका काकांनी माइक हातात घेतला आणि म्हणाले, "पन्नास वर्षांत या घरातून कधी मोठा आवाज ऐकू आला नाही!" टाळ्या. मीही वाजवल्या. घरी येईपर्यंत मात्र माझं डोकं फिरलं होतं.

आवाज नाही म्हणजे भांडण नाही, हे ठरवलं कुणी?

आमच्या सांगलीच्या घरातही आवाज नव्हता. आमच्याकडे अबोला होता. मी तिसरीत असताना एकदा अकरा दिवस चालला. नक्की अकरा, कारण कॅलेंडरवर मी पेन्सिलीने ठिपके दिले होते. दोन खोल्या, मध्ये पडदा आणि पडद्यातून ये-जा करणारी पोस्टमन मी. "त्यांना म्हणावं, ताट वाढलंय." "सांग तिला, नकोय मला तिचं जेवण." अंतर पाच पावलांचं, दोघांनाही सगळं ऐकू जायचं. तरी मी पडद्याच्या अलीकडे येऊन सांगायचे, "बाबांना भूक नाही म्हणे." 'तिचं जेवण' गाळायचे. आठव्या वर्षी संपादन शिकले ते असं.

अमेरिकेतल्या नोट्र डेम विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ मार्क कमिंग्ज यांनी आई-वडिलांच्या भांडणांचा मुलांवर काय परिणाम होतो, यावर कित्येक वर्षं काम केलं. ते वाचताना मला तो पडदाच दिसला. मुलांना शब्द लागतच नाहीत हो. रागाने फिरवलेलं तोंडही त्यांना कळतं आणि छळतं. उलट भांडण त्यांच्या डोळ्यांसमोर नीट मिटलं, तर त्याचा त्रास बराच कमी होतो.

आणि आमच्याकडे मिटायचं कसं? अकराव्या दिवशी बाबांनी मंडईतून वांगी आणून ओट्यावर ठेवली. आई म्हणाली, "देठ बघून घ्यायची तरी." झालं, संपला अबोला. रात्री भरली वांगी. भांडण कशावरून होतं, चूक कुणाची, कुणी माघार घेतली, मला आज पंचेचाळिशीतही ठाऊक नाही. मला कळलं ते इतकंच की वांगी येईपर्यंत थांबायचं असतं.

सिएटलचे मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन जोडप्यांना प्रयोगशाळेत बसवून त्यांच्या वादाच्या विषयावर बोलायला लावायचे आणि नाडीचे ठोके मोजायचे. नातं पोखरणाऱ्या चार सवयी त्यांनी सांगितल्या: टोचून दोष काढणं, तुच्छ लेखणं, आपलंच खरं म्हणून सारवासारव करणं आणि चौथी, भिंतीसारखं गप्प होणं. हा आपला अबोलाच की! आपल्याकडे त्याला सोशिकपणा म्हणतात आणि हॉलमध्ये टाळ्या वाजवतात.

बरं, गप्प बसणारा मख्ख नसतो, त्याच्या छातीत धडधडत असतं, हेही तेच सांगतात. ठोके शंभरावर गेले की समोरच्याचं ऐकूच येत नाही, तेव्हा निदान वीस मिनिटं बाजूला व्हा म्हणतात. वीस मिनिटं. अकरा दिवस नव्हे!

ओहायोतल्या संशोधकांनी तर कमाल केली. ४२ जोडप्यांना दोन खेपा बोलावलं, एकदा एकमेकांना आधार देणारं बोलायला, एकदा मतभेदावर; दर खेपेला हातावर मुद्दाम बारीक फोड आणले आणि ते भरायला किती वेळ लागतो ते पाहिलं. २००५ साली हा अभ्यास छापून आला. मतभेदाचा विषय निघाला त्या खेपेला जखम भरायला साधारण एक दिवस जास्त लागला. आणि जी जोडपी एकमेकांशी फार कडवट वागत होती, त्यांच्या जखमा इतरांच्या ६० टक्के वेगानेच भरल्या. म्हणजे मुद्दा भांडण्याचा कमी, कडवटपणाचा जास्त. आईच्या मनगटावर कढईचे चटके कायम असायचे. उगाच जोडत नाही, पण आठवले.

हे सगळं अमेरिकेतलं, मान्य. जिथे हात उचलला जातो तिथे यातलं काही लागू नाही, हेही मान्य. आणि आजी पलीकडच्या खोलीत झोपलेली असताना आईने भांडायचं तरी कुठे? लिहिता लिहिता तिच्यावरचा राग ओसरतोय खरं तर. हातात पैसा नाही, माहेरी परत जायची सोय नाही. न बोलणं एवढं एकच तिच्या मालकीचं होतं. बाबांवरचा मात्र ओसरत नाही. त्यांना कुणी अडवलं होतं?

आता खरं सांगते. काल येताना गाडीत मी हे सगळं नवऱ्याला ऐकवलं. तो म्हणाला, "तुला कुणाचं चांगलं बघवतच नाही." तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही. हो, मीच. वरचं सगळं लिहिणारी.

मघाशी लेक स्वयंपाकघरात आली. "आई, बाबा म्हणतोय, तू दमली असशील तर तो भात लावतो."

सोळा वर्षांच्या संसारात या माणसाच्या तोंडून 'तू दमली असशील' मी ऐकलेलं नाही. पोरीने काहीतरी गाळलंय आणि काहीतरी घातलंय. नऊ वर्षांची आहे.

पोस्ट इथेच सोडते. तो नक्की काय म्हणाला, ते त्यालाच विचारून येते.