सहा वॅटचा सर्व्हर सहा वॅटवर चालत नाही

फोटो, व्हिडिओ आणि कागदपत्रे साठवण्यासाठी घरी सर्व्हर बसवू पाहणाऱ्यांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे. त्यात तीन गोष्टी सांगितल्या आहेत: इंटेलचा एन१०० प्रोसेसर सहा वॅटचा असल्याने त्यावरचा सर्व्हर महिन्याला जेमतेम साडेचार युनिट घेतो, जुना डेस्कटॉप कधीच परवडत नाही, तो भंगारात द्यावा, आणि आणखी बचत हवी असेल तर रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाला दोन यूएसबी डिस्क जोडाव्यात. कोल्हापुरातल्या माझ्या ओळखीच्या दोघा छायाचित्रकारांनी यावर विसंबून खरेदीची तयारी केली, म्हणून हे लिहावेसे वाटले.

सहा वॅट गुणिले ७२० तास म्हणजे ४.३२ युनिट, हा गुणाकार बरोबर आहे. चूक आहे ती सहा वॅटचा अर्थ लावण्यात. टीडीपी म्हणून छापलेला हा आकडा प्रोसेसर सलग कामात असताना त्याची किती उष्णता बाहेर काढावी लागेल हे सांगतो. भिंतीतल्या सॉकेटमधून संपूर्ण यंत्र किती वीज ओढते, हे त्यात येत नाही. मदरबोर्ड, रॅम आणि अ‍ॅडाप्टरमध्ये वाया जाणारी वीज वेगळी, आणि सर्वांत मोठा वाटा डिस्कचा, कारण साडेतीन इंची डिस्क काहीही न वाचता नुसती फिरत असली तरी साधारण चार ते सहा वॅट घेते. राजारामपुरीतल्या आमच्या घरी वीज मोजणारा मीटरचा प्लग लावून पाहिले, तेव्हा एन१०० ची पेटी, म्हणजे तो प्रोसेसर असलेला छोटा संगणक, डिस्कविना ९ वॅट दाखवत होती आणि दोन डिस्क फिरताना २०. म्हणजे महिन्याला १४ युनिटांहून अधिक, दाव्याच्या तिपटीपेक्षा जास्त. जादा डिस्क जोडण्यासाठी साटा कार्ड, म्हणजे डिस्कचे पोर्ट वाढवणारे कार्ड, बसवले तर त्यांतली काही कार्डे प्रोसेसरला काम नसताना वीज वाचवणाऱ्या खोल झोपेत जाऊच देत नाहीत, तेही वेगळेच.

जुना डेस्कटॉप अधिक वीज घेतो, हे मान्य. पण ‘कधीच परवडत नाही’ हे हिशेब न मांडता केलेले विधान आहे. महावितरणच्या घरगुती बिलात दर टप्प्याटप्प्याने चढतो, त्यामुळे सर्व्हरचे युनिट आपल्या बिलातल्या सर्वांत वरच्या टप्प्याच्या दराने मोजावेत. सर्व आकारांसह १२ रुपये युनिट धरले, तर वर्षभर अखंड चालणारा एक वॅट ८.७६ युनिटांचा, म्हणजे सुमारे १०५ रुपयांचा होतो. डिस्क वगळून जुने यंत्र ३० वॅट घेत असेल, तर ९ वॅटच्या पेटीमुळे वर्षाला २,२०० रुपये वाचतील आणि १५,००० रुपयांची पेटी फिटायला जवळजवळ सात वर्षे लागतील. तेच यंत्र ग्राफिक्स कार्डासह ६५ वॅट घेत असेल, तर अडीच वर्षे पुरतील. शाहूपुरीतल्या छायाचित्रकाराने कार्ड काढून मोजले, तेव्हा २८ वॅट भरले. त्याने यंत्र ठेवले आणि वाचलेल्या पैशांतून आणखी एक डिस्क घेऊन फोटोंची दुसरी प्रत गारगोटीला बहिणीकडे ठेवली. २०१९ च्या महापुरात स्टुडिओत शिरलेले पाणी तो विसरलेला नाही.

रास्पबेरी पाय स्वतः खरोखरच थोडक्यात भागवतो, परंतु रास्पबेरी पाय ४ या मॉडेलचे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देऊ शकतात, आणि अडीच इंची एक डिस्क फिरायला लागतानाच एक अँपिअरच्या आसपास मागते. दुसऱ्या छायाचित्रकाराकडे जुलैत लाइट गेली आणि परत आली, तेव्हा दोन्ही डिस्क एकदम उठू लागल्या, टिक-टिक आवाज झाला आणि एक डिस्क दिसेनाशी झाली. स्वतंत्र वीजपुरवठ्याचा यूएसबी हब (एका पोर्टला अनेक डिस्क जोडण्याचा डबा) घेतल्यावर ती सुरळीत चालली. साडेतीन इंची डिस्कांना तर १२ व्होल्टचा वेगळा अ‍ॅडाप्टर लागतोच. मग आमच्या २० वॅटच्या तुलनेत तीन-चार वॅट वाचतील, वर्षाला तीन-चारशे रुपये; तेवढ्यासाठी मुलांचे बारशापासूनचे फोटो सैल यूएसबी केबलच्या भरवशावर ठेवणे मला पटत नाही.