बोर्डावर ६०, गाडीत १४

बोर्डावर हातभर अक्षरांत लिहिलंय ‘६० किलोवॅट फास्ट चार्जर’. बाजूला पिवळी वीज आणि सुसाट निघालेल्या गाडीचं चित्र. आणि माझ्या इलेक्ट्रिक गाडीच्या पडद्यावर आकडा दिसतोय १४. मला वाटलं गन, म्हणजे चार्जरच्या केबलचं गाडीत खुपसायचं तोंड, नीट बसली नाही. काढली, फुंकर मारली (का मारली माहीत नाही, जुनी सवय), परत लावली. १४. हॉटेलचा पोरगा लांबून बघत होता, तो शेवटी आला आणि गाडी मी चालवत असून नवऱ्याला म्हणाला, “साहेब, त्यातली दोन मॉड्यूल गेलीत. महिना झाला. चौदा-पंधराच देतंय आता.”

महिना झाला! आणि बोर्ड? बोर्डावर ६०. अ‍ॅपमध्ये? ६०, हिरवा ठिपका, ‘उपलब्ध’.

गणपतीसाठी पुण्याहून कणकवलीला निघालो होतो. मी, नवरा, लेक, सासूबाई, डिकीत मखराचं सामान आणि सासूबाईंच्या पायाशी नारळांची पिशवी. गाडीची बॅटरी ४० युनिटची. पहाटे घरून १०० टक्क्यांवर निघालो, कात्रज झालं, खंबाटकी चढली, साताऱ्यापुढे सहापदरीकरणाची डायव्हर्जनं खात कराडच्या आसपास पोचलो तेव्हा २७ टक्के उरले होते. हिशोब घरीच मांडून आले होते. २७ वरून ८० वर न्यायची म्हणजे साधारण २१ युनिट. माझी गाडी जास्तीत जास्त ५० किलोवॅटनं घेते, वर जाताना थोडं कमी घेईल, म्हणजे चहा-नाश्ता, सासूबाईंचं बाथरूम, लेकीचा एक हट्ट, पस्तीस-चाळीस मिनिटांत मोकळे. कोल्हापुरात अजून थोडं, मग गगनबावड्यावरून करूळ घाट उतरायचा, उतारावर गाडी स्वतःच दोन-चार टक्के परत भरते.

१४ किलोवॅट म्हणजे तासाला १४ युनिट, २१ युनिटला दीड तास. नाश्ता किती वेळ खायचा माणसानं?

आता हे १४ आलं कुठून तेही सांगते, कारण हे समजून घ्यायला मला दोन वर्षं आणि चार भांडणं लागली. ६० किलोवॅटचं मशीन म्हणजे एक अखंड वस्तू नव्हे. त्याच्या पोटात मॉड्यूल, म्हणजे वीज पुरवणारे सुटे डबे असतात, यात १५ चे चार. दोन गेली की उरले ३०. मशीनला गन दोन. दुसऱ्या गनला कोणी गाडी लावली की ३० चे झाले १५-१५. म्हणजे मशीन धडधाकट असतं तरीही दोन गाड्या लागल्यावर मला ३०च मिळाले असते, ६० नाही. ६० हा आकडा फक्त तुम्ही एकटे असाल, मॉड्यूल सगळी जिवंत असतील, लाइनला व्होल्टेज असेल आणि बहुधा गुरुवार असेल तेव्हाचा आहे. हॉटेलवाल्यानं ‘अनलिमिटेड थाळी’ लिहून दुसऱ्या पोळीला नाही म्हटलं तर लोक रस्त्यावर येतील. इथं मात्र आपण गन लावून गप्प उभे.

बरं, दुसऱ्या गनला कोण होतं? एक भलीमोठी इलेक्ट्रिक एसयूव्ही. ९१ टक्के. आत एसी लावून एक गृहस्थ मोबाइलवर रील बघत बसलेले. मी काचेवर टकटक केली. अगदी गोड आवाजात.

“दादा, तुमची ९१ झालीय. काढता का? मला थोडं जास्त मिळेल.”

“नाही ताई, लांब जायचंय, फुल करूनच निघणार.”

“कुठं जायचंय?”

“कोल्हापूर.”

कोल्हापूर! कराडहून सत्तर किलोमीटर! एवढ्या मोठ्या बॅटरीची गाडी ९१ टक्क्यांवर कोल्हापूरला जाऊन परत कराडला येईल, वर पन्हाळाही दाखवून आणेल. पण नाही. ‘फुल’ पाहिजे. पेट्रोलची टाकी फुल करायची सवय हाडात मुरलीय, ती गाडी बदलली तरी जात नाही.

अहो, बॅटरी म्हणजे टाकी नाही. रिकाम्या एसटीत माणसं पटापट चढतात, शेवटच्या दहा जणांना ‘पुढे सरका, पुढे सरका’ करत चढवावं लागतं, तसं आहे ते. ८० च्या पुढे गाडी स्वतःच वेग कमी करते, नाहीतर सेल खराब होतील. शेवटच्या ९ टक्क्यांना या गृहस्थांना पाऊण तास लागणार, त्यात चालू एसी थोडी वीज खाणार ती वेगळीच. म्हणजे त्यांच्या वाटचे १५ ते पूर्ण घेतही नव्हते. त्यांच्या गनवर ११, मग ९, मग ७. आणि राहिलेले मशीन मला देत नव्हतं, कारण एकदा वाटणी झाली की झाली. भाऊबंदकीतली जमीन. तो कसत नाही आणि तुम्हाला कसू देत नाही.

तिथंच चार पावलांवर सावकाश चार्जिंगचा ७ किलोवॅटचा एसी पॉइंट (हा एसी थंड हवेचा नव्हे, घरात येते त्या विजेचा) रिकामा. रिकामा म्हणजे त्याच्यापुढे एक डिझेल गाडी लावलेली, सावली आहे म्हणून. ज्याला शंभर टक्केच करायचीय आणि तास-दोन तास बसायचंच आहे त्याची जागा ती. तुम्ही थाळी खाणार, पान खाणार, झोप काढणार, तर सावकाश गनला लावा ना. फास्ट गन म्हणजे स्टँडवरची मुतारी आहे हो, तिथं पेपर वाचत बसायचं नसतं.

मग सुरू झाली निवड. लोक मला विचारतात, “स्लो लावायचं की फास्ट, हे तुम्ही ठरवता कसं?” असं ठरवते. भर उन्हात, पेपर नॅपकिनवर, सासूबाईंच्या बॉलपेननं. पुढे वीसेक किलोमीटरवर १२० किलोवॅटचं मशीन आहे असं अ‍ॅप सांगतंय. इथं दर १९ रुपये युनिट, तिथं २४. वर १८ टक्के जीएसटी दोन्हीकडे, म्हणजे २२ रुपये ४२ पैसे आणि २८ रुपये ३२ पैसे. (घरी हीच वीज घेतली तर ती ‘वीज’ असते आणि तिला जीएसटी नाही. रस्त्यावर घेतली की ती ‘सेवा’ होते. सेवा! मला १४ किलोवॅटची सेवा चालू होती.) माझी गाडी ५० च्या वर घेतच नाही, म्हणजे १२० च्या गनला लावली काय, २४० च्या लावली काय, तोंड तेवढंच आहे, घास तेवढाच जाणार. तरी दर मात्र मोठ्या मशीनचा. मग वीस किलोमीटर पुढे जायचं कशाला? तर १२० चे दोन भाग झाले तरी ६०-६० होतात आणि माझं ५० त्यात बसतं. दोन वर्षांत मला कळलेली अक्कल एवढीच: बोर्डावरच्या आकड्याचा निम्मा करायचा आणि तो आपल्या गाडीच्या भुकेपेक्षा मोठा आहे का ते बघायचं. शोरूममध्ये हे कोणी सांगितलं नाही. तिथं फक्त ‘पन्नास मिनिटांत ८० टक्के’, आणि त्या ८० वर ‘अटी लागू’ची मुंगीएवढी चांदणी.

पण तिथं रांग असली तर? अ‍ॅपला विचारा. अ‍ॅप म्हणतं ‘एक गन उपलब्ध’. हेच अ‍ॅप इथं ६० म्हणालं होतं. सासूबाई मागून म्हणाल्या, “अगं, हातचं सोडून पळत्याच्या पाठी नको लागू.” नवरा म्हणाला, “बघ, तू म्हणशील तसं.” हे वाक्य संसारात कधीही मदत म्हणून येत नाही.

थांबलो. तेवढ्यात एसयूव्हीवाले दादा ९७ वर असताना घरून फोन आला म्हणून निघाले! तीन टक्के सोडून! जाताना हात हलवला मला. मी पळत पडद्याकडे. १४. अजून १४च. पोरगा म्हणाला, “ते बंद करून परत चालू करावं लागतं, मग ३० देतंय.” बंद केलं. परत चालू करायला गेले तर वॉलेटमध्ये शिल्लक अपुरी, कारण आधीच्या सेशनसाठी अडकवलेले ५०० रुपये ‘पाच ते सात कामकाजाच्या दिवसांत’ परत येणार. नवीन पैसे भरायचे तर ओटीपी. ओटीपीला रेंज नाही. मी हायवेच्या कडेला फोन डोक्यावर धरून अशी फिरत होते की एका ट्रकवाल्यानं हॉर्न मारून विचारलं, काय झालं ताई.

माझ्या फोनमध्ये आज चार्जिंगची नऊ अ‍ॅप आहेत. नऊ वॉलेट. कुठं ८३ रुपये, कुठं ११२, कुठं ४०. सगळी मिळून एक सिलिंडर येईल. पेट्रोल पंपावर कधी कोणी मोबाइल नंबर मागितला होता का? राज्य सरकार म्हणतं हायवेवर दर २५ किलोमीटरला चार्जिंग स्टेशन पाहिजे. ठीक, उभी केली. त्यातलं किती जिवंत आहे आणि किती वेगानं जिवंत आहे हे सांगायची सक्ती कोणावर आहे? इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी दिलीत, आभार, पण ती मुंबई-पुणे द्रुतगती, समृद्धी आणि अटल सेतूला. आम्ही खेड शिवापूरपासून प्रत्येक नाक्यावर फास्टॅगचा टिंग ऐकत आलोय.

आणि हा गोंधळ फक्त हायवेचा नाही. पुण्यात एका मॉलच्या तळघरात ‘२२ किलोवॅट’चा एसी पॉइंट आहे. लोक खूश होऊन लावतात आणि तासाभरानं येऊन बघतात तर सातच युनिट. कारण बॅटरीला डीसी वीज लागते, एसी गनमधून येणारी वीज गाडीतला चार्जर तशी बदलून घेतो, आणि तो ७ चा असेल तर २२ काय नि २०० काय, सातच घेणार. काही गाड्यांत तो ३.३ चा असतो, त्यांचं तर विचारूच नका. डीसी मशीनमध्ये तो बदल बाहेरच होतो, म्हणून ते मशीन कपाटाएवढं आणि एसीचं पोस्टाच्या पेटीएवढं. एवढं दोन ओळींत पेटीवर लिहायला काय हरकत आहे? पण नाही, ‘गो ग्रीन’ लिहायला जागा आहे.

घरचं बोलायचं तर सोसायटीनं ७ किलोवॅटच्या पॉइंटसाठी मला चौदा महिने फिरवलं. “लोड वाढेल.” “आग लागेल.” “उद्या सगळेच मागतील.” अहो मागू देत की! जनरल बॉडीत एका काकांनी विचारलं, रोज फास्ट चार्जरवर नेऊन का आणत नाही. त्यांच्याच बिल्डिंगची लिफ्ट सहा महिने बंद होती तेव्हा मी त्यांना हेलिकॉप्टर सुचवलं नव्हतं. तोवर मी साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर रात्र-रात्र चार्ज करत होते. रिकामी गाडी असेल तर बारा-तेरा तास. आणि खरं सांगू, नव्वद टक्के दिवस तेवढं पुरतं. गाडी रात्री उभीच असते, मग घाई कोणाला? मला सावकाश चार्जिंगचा राग नाहीच. फास्टची पाटी लावून, फास्टचे पैसे घेऊन सावकाश देतात, त्याचा आहे.

कणकवलीला आम्ही संध्याकाळी सहाऐवजी रात्री साडेनऊला पोचलो. आरती होऊन गेली होती. पोचताना ९ टक्के. अंगणातल्या सॉकेटला चार्जर लावला तर लाल दिवा. अर्थिंग नाही. दीर म्हणाला, “थांब वहिनी,” आणि विहिरीवरून दोन कळशा पाणी आणून मागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात ओतलं, वर स्वयंपाकघरातलं मूठभर मीठ. पाच मिनिटांत हिरवा दिवा. व्होल्टेज कमी होतं, दोनच किलोवॅट येत होते, पण पडद्यावर २ दाखवलं आणि रात्रभर २च आले. कोणी ६० म्हणालं नव्हतं.

परतीला सासूबाईंनीच विचारलं, त्या कराडच्या पाटीचं काय झालं गं. चहाच्या निमित्तानं थांबलो. कस्टमर केअरला मी केलेल्या तक्रारीचा मेसेज तोवर आला होता: ‘आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे.’ पोरगा तोच. मी विचारलं, मॉड्यूल बसवली का रे?

“नाही मॅडम. पण काल माणूस आला होता, बोर्ड पुसून गेला.”