‘टाइमआउट १०० दिला की कॉल १०० मिलिसेकंदांत परत येतो’? नाही, येत नाही!

लिबपीकॅप या लायब्ररीने पॅकेट कॅप्चर (नेटवर्कवरून जाणारे डेटाचे तुकडे, म्हणजे पॅकेट, पकडणं) करायच्या ‘चार सोप्या नियमां’चा एक मेसेज ग्रुपाग्रुपांत फिरतोय. टीममधल्या नव्या मुलीने तो प्रमाण मानून कॅप्चर थांबवणाऱ्या स्टॉप बटणाचा कोड लिहिला, म्हणून हे लिहावं लागतंय.

‘टाइमआउट १०० ठेवा, पॅकेट नसलं तरी पीकॅप_नेक्स्ट_ईएक्स १०० मिलिसेकंदांनी शून्य देऊन परत येईल, तेव्हा स्टॉप बटण तपासा.’ सगळ्यांत घातक नियम हाच. (पीकॅप_नेक्स्ट_ईएक्स म्हणजे पुढचं पॅकेट मागणारा कॉल.) हा टाइमआउट कॉलचा नाहीच, बफरचा, म्हणजे पॅकेट साठवायच्या जागेचा आहे. पॅकेट एकेक न देता गठ्ठ्याने द्यायची, तर गठ्ठा भरायची वाट किती वेळ बघायची, एवढंच तो ठरवतो. सोलॅरिस या ऑपरेटिंग सिस्टमवर टाइमआउटचं घड्याळ पहिलं पॅकेट आल्यावरच सुरू होतं. लिनक्सच्या टीपॅकेट_व्ही३ मध्येही (पॅकेट ब्लॉकच्या गठ्ठ्यांत देणारी कर्नलची सोय) कर्नल ३.१९ पासून रिकाम्या ब्लॉकसाठी थांबलेल्या प्रोग्रामला कुणी उठवत नाही. लाइन शांत असली की कॉल अडकतो, स्टॉप दाबून काही होत नाही. चाचणीत हे सापडत नाही, कारण तेव्हा ट्रॅफिक चालूच असतं. लिबपीकॅपचं मॅन्युअल स्पष्ट बजावतं: वापरकर्त्याचा इनपुट अधूनमधून तपासायला हा टाइमआउट वापरू नका. बीएसडी सिस्टमवर घड्याळ रीडपासूनच, म्हणजे पॅकेट वाचायला मागितल्यापासूनच, सुरू होतं, तिथे नियम चालतो, हे मान्य. पण तेवढ्यावर ‘नियम’ म्हणायचं?

करायचं ते असं: पीकॅप_सेटनॉनब्लॉकने हँडल (उघडलेल्या कॅप्चरची खूण) नॉनब्लॉकिंग करा, म्हणजे कॉल अडकून राहणार नाही; पीकॅप_गेट_सिलेक्टेबल_एफडीने डिस्क्रिप्टर (ज्यावर डेटाची वाट बघता येते तो क्रमांक) घ्या, वाट बघणाऱ्या पोल या कॉलला स्वतःचा २०० मिलिसेकंदांचा टाइमआउट द्या आणि पोल परतला की स्टॉप बटण तपासा आणि आलेली पॅकेट हाताळणारा पीकॅप_डिस्पॅच बोलवा. डिस्क्रिप्टर -१ आला, तर पीकॅप_गेट_रिक्वायर्ड_सिलेक्ट_टाइमआउट सांगेल तितक्या वेळाने डिस्पॅच करत राहा.

‘शून्य म्हणजे ताबडतोब.’ साफ उलटं. जिथे टाइमआउट चालतो तिथे शून्य म्हणजे मुदतच नाही, पुरेशी पॅकेट जमेपर्यंत थांबा. ताबडतोब हवं तर पीकॅप_सेट_इमिजिएट_मोड, तोही हँडल अ‍ॅक्टिव्हेट करण्याआधी.

‘टाइमआउट १ केला की पॅकेट गळत नाहीत.’ उशीर कमी होतो, एवढंच खरं. प्रोग्राम जास्त वेळा जागा होतो, सीपीयू तिथेच खर्च होतो. गळतीला औषध बफर मोठा करणं, म्हणजे पीकॅप_सेट_बफर_साइझ. लिनक्सवरचा डीफॉल्ट २ एमबी बफर १ जीबीपीएसच्या भरलेल्या लाइनवर जेमतेम १६ मिलिसेकंद पुरतो. डिस्कवर लिहिताना तेवढा खोळंबा सहज होतो. पीकॅप_स्टॅट्समधला पीएस_ड्रॉप (गळलेल्या पॅकेटांची संख्या) वाढतोय का, ते बघून बफरचा आकडा ठरवा.

‘पॅकेट उशिरा दिसली तर बफर लहान करा.’ टीसीपीडंपचं (पॅकेट दाखवणाऱ्या कमांडचं) आउटपुट पाइपमधून ग्रेपकडे (ओळी शोधणाऱ्या कमांडकडे) जात असेल, तर बहुतेक वेळा ते स्टँडर्ड आउटपुटच्या बफरमध्ये अडकलेलं असतं. टीसीपीडंपला छोट्या एलचा पर्याय (-l, प्रत्येक ओळ लगेच पुढे पाठवणारा) लावून बघा. कॅप्चर बफरला हात लावायचं कारण नाही.