गॉलमध्ये तीन रात्री काय केलं? ऐका.

श्रीलंकेहून परत आलो त्याच आठवड्यात कोल्हापुरात रंकाळ्यावर मित्रांची बैठक बसली. भेळ आली, चौकशी सुरू झाली. काय काय बघितलं? म्हटलं, गॉल. "आणि?" आणि काय, गॉलच. तीन रात्री. एकानं भेळेचा कागद मांडीवर ठेवला आणि खऱ्याखुऱ्या काळजीनं विचारलं, "कोण आजारी पडलेलं काय रं?"

म्हणून हे लिहितोय. जरा लांबेल.

आधी कबुली देतो, मी पण त्यातलाच. केरळ सहा दिवसांत पाच गावं, राजस्थान आठ दिवसांत सहा. बायकोची पर्स तिथल्या नक्की कुठल्या किल्ल्यात राहिली यावर आमच्यात अजून एकमत नाही. यावेळीही टूरवाल्यानं कागद हातात दिला होता. कोलंबो, कँडी, नुवारा एलिया, बेंटोटा, आणि शेवटून दुसऱ्या ओळीत ‘गॉल किल्ला, दीड तास’. बायकोनं वाचला आणि म्हणाली, "मी रोज सकाळी उठून बॅगा भरणार नाही. एक गाव सांगा, तिथं राहू." झालं. तत्त्वज्ञान मी नंतर चिकटवलं.

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई, विमानानं कोलंबो. घड्याळ बदलावं लागत नाही, त्यांची आपली वेळ एकच. कोलंबो फोर्ट स्टेशनातून गॉलची रेल्वे धरली तर उजव्या हाताची खिडकी पकडा. समुद्र इतका जवळून जातो की खारा वारा चेहऱ्यावर चिकटतो. पोरगी व्हिडिओ काढत होती. समोरच्या बाकावरचे एक आजोबा हिक्कडुवाच्या अलीकडे एका ठिकाणी बोट दाखवून म्हणाले, ट्रेन, सुनामी. २६ डिसेंबर २००४ ला याच मार्गावर कोलंबोहून निघालेली गाडी लाटेत सापडली होती. हजाराच्या वर माणसं गेली. पोरगीनं फोन खाली ठेवला. पुढचा अर्धा तास आमच्यात कोण काही बोललं नाही.

आता गॉल. समुद्रात घुसलेलं जमिनीचं एक टोक, भोवती तट आणि आत अख्खं नांदतं गाव. पोर्तुगीजांनी १५८८ मध्ये किल्ल्याची सुरुवात केली, १६४० मध्ये डचांनी तो हिसकावला आणि आज दिसतो तो बहुतेक सगळा त्यांनी बांधला. १७९६ मध्ये इंग्रज आले. १९८८ पासून जागतिक वारसा यादीत. हे कुठल्याही फलकावर मिळेल आणि दीड तासात पाठही होईल.

दीड तासात काय मिळत नाही ते सांगतो. तटावरून पुरी चक्कर मारायची तर रंकाळ्याच्या फेरीहून कमीच चालावं लागतं. तिकीट नाही, गेट नाही. पहिल्या संध्याकाळी आम्ही पर्यटकांसारखे चाललो, म्हणजे फोटो काढत. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला एकटाच गेलो तर तटावर तिथलीच माणसं फिरत होती, आपल्या रंकाळ्यावर फिरतात तशीच. तेच पांढरे बूट, तेच हात झाडणं. उन्हं वर आली की छत्र्या उघडतात. एकेका छत्रीआड एकेक जोडपं, समुद्राकडं तोंड आणि जगाकडं पाठ. इथं पण तेच चालतं, फक्त आपल्याकडं छत्री आणायची कुणाला सुचलेलं नाही. तिसऱ्या संध्याकाळपर्यंत पतंगवाला आम्हाला ओळखायला लागला होता आणि त्यानं विकत घ्या म्हणायचं सोडलं होतं.

तिसऱ्याच दिवशी पोरगीला तटात पोवळं सापडलं. एका बुरजाला टेकून बसली होती. म्हणाली, "पप्पा, हा दगड नाही." बोटानं चाचपून बघितलं तर मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक बारीक घरं. समुद्रातलं प्रवाळ फोडून भिंतीत घातलंय. मी त्याच जागेवरून आधी दोनदा गेलो होतो, एकदा तर पाठ टेकवून फोटो काढला होता.

जुन्या दरवाज्यावर आतल्या बाजूला डच कंपनीचं चिन्ह आहे, १६६९ सालचं. दोन सिंह आणि वर चक्क कोंबडा. गॉल हे नाव लॅटिनमधल्या कोंबड्याच्या शब्दाशी जुळतंय असा गैरसमज झाला आणि कोंबडा बसला तो बसलाच. बाहेरच्या बाजूला इंग्रजांनी आपलं चिन्ह लावलं, आतलं मात्र काढलं नाही.

मला सगळ्यात आवडलं ते गटार. हसू नका. आमची गल्ली शाहूपुरीतली, २०१९ ला आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं ते जिन्याच्या भिंतीवर पेन्सिलीनं मांडून ठेवलंय. त्यामुळं कुठल्याही गावी गेलो की माझं लक्ष आधी पाणी कुठं जातंय तिकडं. डचांनी गॉलच्या रस्त्यांखालून नाल्या काढल्या, आणि त्या धुवायचं काम भरतीवर सोपवलं. भरतीचं पाणी आत शिरणार, घाण घेऊन बाहेर जाणार. त्यासाठीचे पंप एका बुरजावरच्या पवनचक्कीवर चालायचे. मी बायकोला हे तीनदा समजावून सांगितलं. तिसऱ्या वेळी ती लेसच्या दुकानात शिरली.

सुनामीत बाहेरचं बसस्टँड, बाजार, क्रिकेटचं मैदान सगळं पाण्याखाली गेलं, पण तटाच्या आतलं गाव बरंचसं वाचलं. तोफांसाठी बांधलेली भिंत लाटेला कामी आली. मैदान नंतर उभं राहिलं आणि २००७ च्या डिसेंबरात तिथं पुन्हा कसोटी झाली. मुरलीधरननं २०१० मध्ये आठशेवी विकेट इथंच घेतली, तीही आपल्या ओझाची. तटावर, १८८३ च्या घड्याळाच्या मनोऱ्याजवळ उभं राहिलं की खालचं मैदान फुकटात दिसतं. आम्ही गेलो तेव्हा शाळेच्या पोरांची मॅच होती. मी फुटबॉलवाल्या पेठेत वाढलेला माणूस, क्रिकेटवर तासभर उभा राहीन असं वाटलं नव्हतं. शेजारचा नारळपाणीवाला प्रत्येक बॉलवर अंपायरला शिव्या घालत होता. भाषा कळत नव्हती, पण शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसल्यासारखंच वाटलं.

आम्ही उतरलो ते एका मुस्लिम कुटुंबाच्या घरात, वरच्या दोन खोल्या. दीपगृहासमोरची त्यांची मशीद लांबून बघितली तर चर्चच म्हणाल. बायको म्हणाली, आपल्या बाबूजमाल दर्ग्याच्या चौकटीवर गणपती आहे की, तसंच काहीतरी. नाष्ट्याला स्ट्रिंग हॉपर्स, म्हणजे मालवणकडच्या शिरवाळ्यांची सख्खी बहीण, आणि सोबत पोल सांबोल. ओलं खोबरं, लाल मिरची, लिंबू. बायकोनं दोनदा वाढून घेतलं आणि मग विचारलं, यात काय घालता? त्यात सुका मासा कुटून घालतात. ती शाकाहारी. घरमालकीण इतकी कासावीस झाली की बायकोच तिची समजूत काढत बसली. दुसऱ्या दिवशी बिनमाशाचं सांबोल वेगळ्या वाटीत आलं. आम्ही आमची कांदा-लसूण चटणी पुढं केली. त्यांच्या म्हाताऱ्यानं बोटभर चाखली, डोळे मिटले, आणि बरणी आपल्या बाजूला सरकवून घेतली. बरणी तिथंच राहिली.

सगळंच गोडगोड नव्हतं. रत्नांच्या दुकानवाल्यांनी जीव नकोसा केला. आतली कॉफी प्यायला कर्ज काढावं लागेल. जुनी घरं एकेक करून बाहेरच्यांनी घेतलीत आणि त्यांची हॉटेलं झालीत. मालकीण म्हणाली, गल्लीत आता आमच्या ओळखीची चारच घरं राहिली. लेन बान नावाची एक गल्ली आहे, म्हणजे डचांच्या काळात जिथं जहाजांचे दोरखंड वळायचे ती जागा. आपली कुंभार गल्ली, बुरूड गल्ली तशी. आज दोर वळणारा कोण नाही, पण नाव आहे.

एक दिवस रिक्षावाला मागंच लागला की रुमस्सला बघा, मारुतीनं संजीवनीचा डोंगर नेताना तिथं तुकडा पडला. गेलो. डोंगरावरून किल्ला छान दिसतो. काठीवर बसून मासे धरणाऱ्यांकडंही नेलं, पण ते आता मासे कमी आणि फोटोचे पैसे जास्त धरतात. हे दोन ‘पॉइंट’ झाले म्हटल्यावर बैठकीतल्या मित्राला जरा बरं वाटलं.

आपण स्वतः काय म्हणतो ते आठवा. पुण्या-मुंबईचे लोक सकाळी येतात, देवीच्या रांगेत उभे राहतात, दुपारी तांबडा-पांढरा, मग पन्हाळा, जोतिबा, जाता जाता चप्पल, आणि रात्री टोल नाका. आपण त्यांना नावं ठेवतो. कोल्हापूर असं दिसतंय व्हय? आणि आपण विमानात बसलो की आपणही तसेच होतो.

परवा रविवारी सकाळी पोरगीला घेऊन बिंदू चौकात गेलो. आपल्याही गावाला तट होता, वेशी होत्या. गंगावेस, रविवार वेस ही नुसती स्टॉपची नावं नव्हेत. त्या तटाचा तुकडा बिंदू चौकात अजून उभा आहे आणि त्याच्या बाजूनं मी तीस वर्षं गाडी मारतोय. पोरगी भिंतीला बोट लावून काळा दगड चाचपत होती, मी मागं वाकून सांधे बघत होतो. चहाच्या गाड्यावरचा पोरगा बराच वेळ आमच्याकडं बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"काका, काय हरवलंय काय?"