कोजागिरीनंतरचं रामटेक

पन्नाशीनंतर नवराबायकोनं वर्षातून एकदा लांबचा प्रवास करावा, असं एका लेखात वाचलं आणि ते पटलं. पण आम्हा नागपूरकरांना कोजागिरी झाली की पन्नासेक किलोमीटरवरचं रामटेकही पुरतं. पाऊस सरलेला, अंबाळा तलाव भरलेला, वाटेत सीताफळांच्या टोपल्या. गडाच्या पायऱ्यांवर गुडघे माझे दुखतात, पण "थांब, जरा दम खाऊ" असं दरवेळी आमचे हेच म्हणतात. फार बरं वाटतं तेव्हा. वानरांपासून प्रसादाची पिशवी पदराखाली जपायची, रामाचं दर्शन घ्यायचं, मग व्हिडिओ कॉलवर नातवाला कळस दाखवायचा. संसाराच्या धावपळीत एवढं निवांत बोलणं कधी झालंच नव्हतं हो. यंदा त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेला व्याही-विहीणबाईंनाही सोबत नेणार आहोत.