एजंटाचा हरकाम्या

आमचं ऑफिस तोक्योतल्या कायाबाचोला. शेअर बाजार तिथून हाकेच्या अंतरावर, काबुतोचोत. पूर्वी तिथे दलाल हातवारे करत, ओरडत सौदे करायचे. १९९९ साली तो गलका बंद झाला आणि सगळा कारभार संगणकावर गेला. आता त्या संगणकाशी बोलायला माणूस नको, म्हणून एआय एजंट, म्हणजे प्रश्न विचारला की आपणच माहिती शोधून उत्तर देणारा प्रोग्राम, ठेवलाय. एजंटाला कंपन्यांचे कोड, भाव, नफा-तोटा हुडकायला एक टूल लागतं आणि ते टूल सांभाळायला मी. थोडक्यात, इंजिनिअरिंग करून, जपानी शिकून, परदेशात येऊन मी एका प्रोग्रामच्या हाताखाली लागलोय.

इथे प्रत्येक कंपनीला चार अंकी कोड असतो. टोयोटा ७२०३, सोनी ६७५८, सुझुकी ७२६९. टूलला कोड दिला की ते मुकाट्याने उत्तर देतं. पण आमचे काचो-सान, म्हणजे विभागप्रमुख, कोड कशाला सांगतील? त्यांनी एजंटाला विचारलं, “अमेरिकेतले बडे गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी शेअर घेतले, त्या मित्सुबिशीचं काय चाललंय?”

मित्सुबिशी म्हणजे मोठं खटलं. ट्रेडिंगवाली ८०५८ (बफेंची ती हीच), जहाजं-यंत्रंवाली ७०११, विजेची उपकरणंवाली ६५०३, जमीनजुमलावाली ८८०२, शिवाय बँक आणि मोटारी. आणि ७९७६ वर मित्सुबिशी पेन्सिल. यूनी-बॉल पेनवाली. तीन हिऱ्यांचं चिन्ह तेच, नाव तेच, पण या गोतावळ्याशी तिचं काडीचं नातं नाही. उलट ते चिन्ह तिने १९०३ सालीच, या बड्यांच्या आधी, नोंदवून ठेवलंय. एजंटाने नेमकी पेन्सिल उचलली. बरं, उचलली तर उचलली, पण वर तीन परिच्छेद विश्लेषणही दिलं: बफे यांना लेखनसाहित्यात दीर्घकालीन मूल्य दिसले असावे. काचो-सानांनी ते शांतपणे वाचलं, खिशातलं पेन काढून एकदा निरखलं आणि माझ्याकडे पाहिलं.

‘माहीत नाही’ हे दोन शब्द एजंटाच्या तोंडून निघत नाहीत, हा माझा खरा ताप. पत्ता ठाऊक नसला तरी “असंच सरळ जा, मग डावीकडे” सांगणारे गृहस्थ प्रत्येक गावात असतात. हा त्यांच्याच कुळातला.

२०२४ च्या जानेवारीपासून बाजाराने नव्या कोडमध्ये रोमन अक्षरंही घालायला सुरुवात केली. १३०ए, असं. आमच्या टूलचा जुना खाक्या असा की आकडाच पाहिजे, अक्षर दिसलं की बाहेर. काचो-सानांना औषधसंशोधनातल्या एका नव्या कंपनीची माहिती हवी होती. टूलने १३०ए नाकारलं. शहाण्या माणसाने इथे हात टेकले असते. एजंटाने अक्षर उडवून १३० विचारलं, मग शून्य चिकटवून १३००, आणि शेवटी १३०१ ला दार उघडलं. १३०१ म्हणजे क्योकुयो, मासळीच्या धंद्यातली जुनी कंपनी. सकाळच्या अहवालात औषधाच्या जागी गोठवलेली मासळी, आणि खाली शेरा: “संशोधनाचा आवाका व्यापक दिसतो.”

त्रिकोणाची कथा तर विचारूच नका. जपानी हिशेबात तोटा दाखवायला वजाचं चिन्ह नसतं, आकड्याच्या आधी छोटासा पोकळ त्रिकोण असतो. गंधासारखा, कपाळावर. टूल आकडे साफ करताना आकडा नसलेलं सगळं पुसून काढायचं. त्यात त्रिकोण गेला. जी कंपनी वर्षभर गाळात रुतत चालली होती, तिचा एजंटाने भरघोस नफ्याबद्दल गौरव केला. त्यातून रकमा दशलक्ष येनमध्ये, जपानी माणसं बोलतात दहा कोटींच्या एककात आणि माझं डोकं चालतं लाख-कोटीत. शून्यं मोजता मोजता माझा चहा निवतो.

दुपारची गंमत वेगळीच. इथला बाजार साडेअकरा ते साडेबारा जेवायला सुटतो. ठाण्याच्या काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “बाजार जेवायला जातो? आमचा डबा तर स्क्रीनसमोरच उघडतो!” एजंटालाही ही सुट्टी पचनी पडत नाही. बाराच्या ठोक्याला तो रोज कळवतो, “बाजारात विलक्षण स्थैर्य असून गुंतवणूकदार संयम राखून आहेत.” गुंतवणूकदार नूडल्स ओरपत असतात.

त्रिकोण बसवून झाला, अक्षरं चालायला लागली, तसा काचो-सानांना हुरूप आला. गेल्या बैठकीत ते म्हणाले, “आता याला ऑर्डर टाकायचाही अधिकार देऊन बघू या.” बैठकीचं इतिवृत्त एजंटच लिहीत होता. मी घाईघाईने ८ डिसेंबर २००५ ची हकिकत काढली. इथल्याच एका दलाल पेढीला एका कंपनीचा १ शेअर ६,१०,००० येनला विकायचा होता; टाकताना झालं उलटं, ६,१०,००० शेअर, प्रत्येकी १ येन. त्या कंपनीचे सगळे शेअर मिळून १५,००० सुद्धा नव्हते. ऑर्डर रद्दही होईना. पेढीला सुमारे ४,००० कोटी येनांचा खड्डा पडला.

काचो-सान विचारात पडले. मग म्हणाले, “पण ती चूक माणसाने केली होती, नाही का?”

संध्याकाळी इतिवृत्त आलं. माझ्या हकिकतीपुढे लिहिलं होतं: मानवी हस्तक्षेपाचे धोके सोदाहरण मांडले. आणि खाली: प्रस्ताव सर्वानुमते मंजूर.