झोपेत डॉलर? आधी अपडेट काढा

‘एकदाच टेम्पलेट बनवा, थीमफॉरेस्टवर टाका आणि पुढे झोपेत डॉलर मोजा. डिझाइन देखणं हवं, फीचर्स भरपूर आणि किंमत कमी. बस्स!’ असा मजकूर फ्रीलान्सरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. थीमफॉरेस्ट म्हणजे टेम्पलेट्सचा, अर्थात वेबसाइटच्या तयार साच्यांचा, ऑनलाइन बाजार. या मजकुराची जरा चिरफाड करू.

‘एकदाच बनवा.’ वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरसाठीच्या टेम्पलेटला थीम म्हणतात. तिथली सर्वांत खपाची वर्डप्रेस थीम म्हणजे अवाडा. ती २०१२ साली आली आणि इतक्या वर्षांत तिची अपडेट्स काही थांबलेली नाहीत. डिसेंबर २०१८ मध्ये वर्डप्रेस ५.० आलं, जुना एडिटर जाऊन ब्लॉक एडिटर आला, म्हणजे मथळा, फोटो असे सुटे तुकडे रचून पान बनवायची सोय. ज्यांनी थीम खरंच ‘एकदाच’ बनवली होती, त्यांच्याकडे ब्लॉकसाठी स्टाइलच नव्हत्या. शिवाय सपोर्ट देतो म्हटलं की खरेदीपासून ६ महिने गिऱ्हाइकाला उत्तरं देणं आलं. ‘लोगो मोठा कसा करू?’ असं अमेरिकेतलं गिऱ्हाईक भर दुपारी विचारतं, तेव्हा आपल्याकडे रात्र असते. झोपेचा संबंध आहे तो एवढाच.

‘फीचर्स भरपूर.’ लांबलचक यादीवर माल खपतो, हे मान्य. पण ती यादी बहुतेक वेळा उसन्या प्लगिन्सवर, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या जोड-प्रोग्रॅम्सवर, उभी असते. सरकती चित्रं दाखवणाऱ्या स्लायडर रेव्होल्यूशनचं काय झालं बघा. कितीतरी थीमवाल्यांनी हे प्लगिन आपल्या थीममध्ये घालून दिलं होतं. २०१४ मध्ये त्यातली एक चूक उघड झाली, साइटमध्ये चोरवाट उघडणारी. प्लगिनवाल्यांनी ती दुरुस्तही केली होती. पण थीमसोबत आलेल्या प्रतींना ते अपडेट आपोआप मिळत नव्हतं, थीमवाल्याने नवी आवृत्ती काढेपर्यंत वाट पाहायची. डिसेंबरमध्ये सोकसोक नावाचं मालवेअर त्याच वाटेने १ लाखाहून जास्त साइट्समध्ये शिरलं. आपल्या साइटमध्ये असं काही प्लगिन आहे, हे पुष्कळ मालकांच्या गावीही नव्हतं. फीचर उसनं असलं तरी शिव्या थीमवाल्यालाच बसतात.

‘किंमत कमी ठेवा.’ थीमफॉरेस्ट चालवणाऱ्या एन्व्हाटो कंपनीच्याच दुसऱ्या सेवेत महिन्याच्या वर्गणीत हवी तितकी टेम्पलेट्स उतरवून घेता येतात. तिथे दोन-चार डॉलर कमी करून कोणाशी लढणार?

राहिलं ‘देखणं’. ते हवंच, नाहीतर थीमफॉरेस्टचे परीक्षकच परत पाठवतात. पण डेमोतलं, म्हणजे गिऱ्हाइकाला दाखवायच्या नमुना साइटमधलं, निम्मं देखणेपण फोटोंचं असतं, आणि ते फोटो सहसा डाउनलोडमध्ये नसतात. गिऱ्हाईक तिथे मोबाइलवर काढलेला दुकानाचा फोटो टाकतं आणि दोन शब्दांच्या मथळ्याच्या जागी तीन ओळी भरतं. जर्मन गिऱ्हाइकाचा एकेक शब्दच अख्ख्या बटणाएवढा. आपल्या मराठीची गंमत तर वेगळीच. पॉपिन्स फॉन्ट घेतला तर देवनागरी त्यातच मिळते, पण डिझायनरने ऐटीत अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असतं, त्यामुळे शिरोरेषा तुटते. ओळी दाटीवाटीने बसवल्या असतील तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. माल विकायला ठेवण्याआधी डेमोतले सगळे फोटो काढा आणि मथळ्यात ‘श्री सिद्धिविनायक गृहोद्योग व मसाला केंद्र’ टाकून बघा.